सोसायटीचा एसटीपी खरंच चालतोय का? संमतीपत्र, लॉगबुक आणि मीटर वाचून कसं तपासायचं



मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "फ्लशच्या पाण्याला वास येतोय" असे मेसेज सुरू झाले. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सांडपाण्याशी माझा संबंध शून्य. पण सेक्रेटरी काका म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, मग जरा बघ की." झालं, मी कमिटीत!

बेसमेंटमध्ये जाऊन एसटीपीचं लॉगबुक उघडलं. सलग ४ महिने, रोज सकाळ-संध्याकाळ, पीएच ७.२. ब्लोअर रोज २० तास चालू. एकच पेन, एकच अक्षर. भिंतीवर फ्रेममध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लावलेलं होतं आणि त्याची मुदत संपून ७ महिने झाले होते.

तेव्हापासून जे शिकलो ते एका ठिकाणी असावं म्हणून हा लेख. तुम्ही फ्लॅटचे मालक असा किंवा भाडेकरू, तुमच्या बिल्डिंगचा एसटीपी नीट चालतोय की नाही हे तुम्ही स्वतः पाहू शकता. त्यासाठी केमिकल इंजिनिअर असण्याची गरज नाही.

आधी थोडक्यात: एसटीपीत होतं काय?

एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प. बाथरूम, किचन आणि संडासातलं पाणी त्यात येतं. आतलं मुख्य काम मशीन करत नाही, जिवाणू करतात. मशीनचं काम त्यांना जिवंत ठेवणं. टप्पे साधारण असे:

१. जाळी: कापड, प्लास्टिक, केस अडवते. त्यानंतर तेल-तुपाचा तवंग वेगळा करणारी टाकी.

२. साठवण टाकी: सकाळी ७ ते १० पाणी धो-धो येतं, दुपारी थेंब-थेंब. इथे ते साठवून पुढे सारख्या वेगाने सोडतात.

३. हवेची टाकी: ब्लोअर खालून हवा सोडतो. त्या ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. आमच्याकडे एमबीबीआर पद्धत आहे. म्हणजे टाकीत प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चकत्या फिरत असतात आणि जिवाणू त्यांच्यावर थर धरून वाढतात.

४. निवळण्याची टाकी: गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी पुढे जातं.

५. वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर आणि शेवटी क्लोरीन.

शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं. ते पिण्याचं पाणी नाही. हे पुढे परत येईल.

पाण्यात किती घाण आहे ते बीओडी या आकड्यावरून कळतं. पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं हे माप. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. आमच्या संमतीपत्राप्रमाणे बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो १० च्या वर जाता कामा नये. काही जुन्या संमतीपत्रांत मर्यादा सैल आहे, म्हणून आपलं पत्र आपणच वाचायचं.

संमतीपत्र: यात काय बघायचं?

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ प्रमाणे सांडपाणी सोडणाऱ्या प्रकल्पाला राज्य मंडळाची संमती लागते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. बांधकामाआधी एक संमती आणि प्रकल्प चालवण्यासाठी दुसरी, अशा दोन पायऱ्या असतात. याशिवाय २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते.

बऱ्याच सोसायट्या इथेच फसतात. बिल्डर असेपर्यंत ही कागदपत्रं त्याच्या नावावर असतात. हस्तांतरणाच्या वेळी चाव्या मिळतात, फाइल मिळत नाही. मग मुदत संपते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आमचं नेमकं तेच झालं होतं.

संमतीपत्र हातात आलं की या गोष्टी शोधा:

• मुदत कधी संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी करायचा असतो. किती दिवस आधी, ते अटींत लिहिलेलं असतं.
• नाव कोणाचं आहे, बिल्डरचं की सोसायटीचं.
• रोज किती पाण्याला परवानगी आहे. हे केएलडीमध्ये असतं. १ केएलडी म्हणजे दिवसाला १,००० लिटर.
• बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या मर्यादा: पीएच, बीओडी, सीओडी, तरंगणारे कण वगैरे.
• किती पाणी परत वापरायचं. गृहप्रकल्पांच्या पत्रांत बहुधा ६० टक्के पाणी फ्लशसारख्या कामांना वापरायची अट असते.
• एसटीपीला वेगळं वीजमीटर आणि पाण्याचे मीटर बसवण्याची अट आहे का.
• बँक गॅरंटी दिली आहे का. अटी मोडल्या तर ती जप्त होऊ शकते.
• तारखा. पर्यावरण मंजुरी असेल तर दर ६ महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचा असतो. संमतीपत्रात वार्षिक पर्यावरण विवरणाची अट असेल तर त्यासाठी ३० सप्टेंबर ही तारीख असते.

या सगळ्या तारखा मी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या आणि ते कॅलेंडर कमिटीतल्या सगळ्यांशी शेअर केलं. एवढं साधं काम आधी झालं असतं तर ७ महिने बिनसंमतीचे गेले नसते.

लॉगबुक खरं आहे का? ३ तपासण्या

जिवंत प्रकल्पाचे आकडे थोडेफार हलतात. सणासुदीला वेगळे, सुट्टीत सगळे गावी गेले की वेगळे. रोज तोच आकडा दिसला तर मापन झालेलंच नाही असं धरून चाला. पण ऑपरेटरवर लगेच ओरडू नका. आमच्या ऑपरेटर दादांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "सर, पीएचचं मशीन बंद पडून दीड वर्ष झालं. ठेकेदाराला दोनदा सांगितलं. रकाना मोकळा ठेवला तर तो पगार कापतो." म्हणजे खोटं लिहायला त्यांना भाग पाडलं होतं.

म्हणून लॉगबुक अशा आकड्यांशी ताडून बघायचं जे कोणाला हाताने लिहिता येत नाहीत.

पहिली तपासणी, वीजमीटर: ब्लोअर किती एचपीचा आहे ते त्याच्या पाटीवर असतं. आमचा ५ एचपीचा, म्हणजे जवळपास ३.७ किलोवॅट. तो पूर्ण लोडवर चालत नाही असं धरून ३ किलोवॅट घेऊ. २० तास चालला तर ३ × २० = ६० युनिट. पंप धरून मीटर त्याहून जास्तच दाखवायला हवं. मी सलग ३ दिवस रात्री ९ वाजता मीटरचा फोटो काढला. रोजचा फरक २५ युनिटच्या आसपास! ब्लोअर रात्री बंद केला जात होता. वीज वाचत होती, जिवाणू मरत होते आणि वास आमच्या फ्लशला येत होता.

दुसरी तपासणी, पाण्याचा हिशोब: माणशी १३५ लिटर हे नियोजनासाठी धरलं जाणारं माप आहे. १२० फ्लॅट, प्रत्येकी ५ माणसं, म्हणजे ६०० माणसं. ६०० × १३५ = ८१,००० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ६५,००० लिटर. फ्लॅट रिकामे असतील तर तेवढं कमी करा. तरीही एसटीपीच्या आत येणारा मीटर ३०,००० दाखवत असेल तर एकच प्रश्न विचारायचा: बाकीचं कुठे गेलं? बहुतेक वेळा उत्तर बायपास व्हॉल्व्हमध्ये सापडतं. तो उघडा असेल तर मैलापाणी शुद्ध न होता थेट बाहेरच्या लाइनला किंवा नाल्याला जातं.

तिसरी तपासणी, लॅबच्या तारखा: पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त लॅबकडून तपासून घ्यायचा असतो. रिपोर्टवरचे आकडे बघण्याआधी तारखा बघा. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते. नमुना १० तारखेला दिला आणि ११ तारखेच्या रिपोर्टमध्ये बीओडी ८ आला, तर ती चाचणी झालेलीच नाही. तसंच नमुना कोणी घेतला तेही बघा. ठेकेदाराने स्वतः बाटली भरून दिली असेल तर पुढच्या वेळी लॅबच्या माणसाला बोलवा आणि कमिटीतल्या एकाने शेजारी उभं राहा.

डोळे, नाक आणि कान वापरा

महिन्यातून एकदा २० मिनिटं खाली जा. ऑपरेटरला सोबत घ्या, एकटे जाऊ नका. बेसमेंटचा पंखा सुरू आहे याची खात्री करा आणि टाक्यांची झाकणं स्वतः उघडू नका.

• वास: निरोगी हवेच्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत ऑक्सिजन कमी पडतोय.
• रंग: हवेच्या टाकीत तपकिरी पाणी चांगलं. काळं पडलं असेल तर जिवाणू गुदमरतायत.
• बुडबुडे: सगळ्या टाकीत सारखे हवेत. एका कोपऱ्यात उकळी आणि दुसरीकडे शांतता असेल तर खालचे डिफ्युझर चोंदले किंवा फाटलेत.
• फेस: थोडा पांढरा फेस साबणामुळे येतो. खूप असेल आणि उतरतच नसेल तर जिवाणूंची वाढ कमी आहे.
• फिल्टरवरचे प्रेशर गेज: आत आणि बाहेरच्या दाबातला फरक वाढत गेला तर फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवायला झाला.
• शेवटचं पाणी: काचेच्या बाटलीत भरून पांढऱ्या कागदासमोर धरा. स्वच्छ, बिनवासाचं दिसायला हवं. पण दिसायला स्वच्छ म्हणजे जंतूमुक्त नाही. त्यासाठी क्लोरीन किट वापरा. स्विमिंग पूलवाले थेंब टाकून पिवळा रंग बघतात तेच.
• गाळ: गेल्या महिन्यात किती गाळ निघाला ते विचारा. जिवाणू घाण खातात म्हणजे त्यांची संख्या वाढते, आणि जास्तीचा गाळ काढावाच लागतो. "गाळ निघतच नाही" असं कोणी सांगितलं तर तो बाहेर वाहून जातोय.

तुमचा प्रकल्प एमबीबीआर नसून एसबीआर किंवा ॲक्टिव्हेटेड स्लज असेल तर आणखी एक सोपी चाचणी आहे. हवेच्या टाकीतलं पाणी १ लिटरच्या मोजपात्रात ३० मिनिटं स्थिर ठेवा. गाळ खाली बसून वर निवळ पाणी दिसायला हवं. गाळ बसलाच नाही तर काहीतरी बिघडलंय.

दोन नळांची गल्लत

अशा बिल्डिंगमध्ये पाण्याच्या दोन लाइन असतात, एक पिण्या-वापरण्याची आणि एक फ्लशची. प्लंबरने घरात बदल करताना चुकून दोन्ही जोडल्या तर शुद्ध केलेलं सांडपाणी किचनच्या नळाला येऊ शकतं. वॉशिंग मशीन किंवा जेट स्प्रे बाल्कनीतल्या "मोकळ्या" पाइपला जोडताना हे हमखास होतं.

काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर यात कामाला येतो. सांडपाण्यात साबण आणि क्षार मिसळलेले असतात, म्हणून एसटीपीच्या पाण्याचा टीडीएस साध्या पाण्यापेक्षा बराच जास्त असतो. माझ्या घरी किचनमध्ये ११० आणि फ्लशच्या टाकीत ४८० आला. एकाच दिवशी दोन्हीकडे मोजा. एखाद्या फ्लॅटमध्ये दोन्ही आकडे सारखे आले तर प्लंबरला बोलवा आणि तोपर्यंत ते पाणी पिऊ नका. टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर किचनचा आकडाही वाढतो, ते लक्षात ठेवा. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. तो फक्त गल्लत पकडतो.

टाकीत कोणीही उतरायचं नाही

तिसऱ्या आठवड्यात साठवण टाकीतला पंप कापडाने चोंदला. मी खाली पोचलो तेव्हा ऑपरेटर दादांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, तोंडाला रुमाल बांधला होता आणि एक पाय शिडीवर होता. मी ओरडलोच, "दादा, आधी वर या!" ते हसून म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे सर. मागच्या वेळीपण उतरलो होतो."

मैलापाण्याच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात आणि ऑक्सिजन कमी असतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं गॅस गेला. मग दोन-चार श्वासांत तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. रुमाल किंवा साधा मास्क इथे काहीच कामाचा नाही.

२०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला माणूस लावणं गुन्हा आहे, थेट लावा किंवा ठेकेदारामार्फत. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा कामात मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण कायदा नसता तरी काय फरक पडला असता? आमच्या फ्लशसाठी कोणी मरावं इतकं ते काम मोठं नाही.

त्या दिवशी आम्ही काम थांबवलं. चौकशी केली तर कळलं की पंप वर ओढायची साखळीच गंजून तुटली होती, म्हणून दादा दर वेळी उतरत होते. नवीन साखळी आणि गाइड रॉड बसवले. आता पंप वरूनच उचलता येतो. टाकी रिकामी करायची असेल तर सक्शन गाडी येते. झाकणावर पाटी लावली आहे आणि ठेकेदाराच्या करारात ओळ घातली आहे: माणूस उतरवला तर करार रद्द. कोणी आत पडलंच, तर मागे उतरू नका. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा.

घरातून तुम्ही काय करू शकता

• सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, कापड, केस संडासात टाकू नका. पंप त्यांनीच चोंदतो आणि मग कोणीतरी टाकीत उतरायला निघतो.
• तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका.
• ॲसिड आणि फिनाइल बाटलीच्या बाटली ओतू नका. ते जिवाणूंनाही मारतात.
• रंग, थिनर, जुनी औषधं नाल्यात नको.

कमिटीसाठी वेळापत्रक

• रोज: वीजमीटर आणि पाण्याच्या मीटरचा फोटो, वेळेसकट. ऑपरेटरने ग्रुपवर टाकायचा. लॉगबुक त्यानंतर.
• दर आठवड्याला: जाळी, तेलाची टाकी, फिल्टर धुणं, क्लोरीन चाचणी.
• दर महिन्याला: कमिटीची फेरी, गाळाचा हिशोब, लॅबचा नमुना. चाचणी किती वेळा करायची ते संमतीपत्राच्या अटीप्रमाणे.
• दर ६ महिन्यांनी: अनुपालन अहवाल, डिफ्युझर आणि ब्लोअरची सर्व्हिस.
• दर वर्षी: संमतीपत्राची मुदत, ठेकेदाराचा करार आणि खर्च सर्वसाधारण सभेत मांडणं.

शेवटचा मुद्दा पैशांचा, कारण सभेत प्रश्न तोच येतो. आमच्याकडेही आला, "ब्लोअर २० तास चालवला तर बिल केवढं येईल?" मी हिशोब मांडला. फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तर ६०० माणसांना रोज २७,००० लिटर लागतात. एसटीपीने ते दिलं नाही तर तेवढं चांगलं पाणी फ्लशला जातं. म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास ३ टँकर, रोज. उन्हाळ्यात टँकरचा भाव काय असतो ते सगळ्यांना माहीत होतं. ठराव मंजूर झाला.

आज आमचा नूतनीकरणाचा अर्ज मंडळाकडे आहे आणि पीएचचं मशीन नवीन आलंय. कालचं रीडिंग ७.४ होतं, परवाचं ६.९. दादांनी खाली पेनाने लिहिलं होतं, "पाऊस जास्त, पाणी पातळ." इतक्या महिन्यांत त्या वहीत पहिल्यांदाच काहीतरी खरं वाचायला मिळालं.

तुमच्याही सोसायटीत आज रात्री ९ वाजता एसटीपीच्या वीजमीटरचा एक फोटो काढा. उद्या त्याच वेळी दुसरा. सुरुवात तिथूनच करा.